सहाला दहा कमी

साईटच्या पत्र्यावर पाटी लागली तेव्हा
आमच्या गल्लीत पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले.
रात्री दहा ते सकाळी सहा
बांधकामाचा आवाज करण्यास मनाई आहे.
खाली शिक्का, जावक क्रमांक,
आणि 'मनाई'च्या ईवर सिमेंटचा शिंतोडा.

चौगुलेअण्णांनी तीन महिने खेटे घातले त्यासाठी.
अर्जावर सही माझीही आहे, अकरावी.
सही केली तेव्हा डोळ्यांवर झोप होती,
मजकूर वाचला नव्हता.

मी रात्रपाळीचा.
शिरोलीला, फौंड्रीत, फेटलिंगला.
रात्रभर ओतीव लोखंडाच्या कडा घासायच्या
आणि पावणेआठला घरी येऊन
कानातले कापसाचे बोळे काढून
कपबशीत ठेवायचे.
तेवढ्यात समोर ब्रेकर सुरू.
नियमात बसणारा.
नऊला कटर, दहाला मिक्सर,
बाराला सळ्यांचा ट्रक. एकेक सळी टाकतात,
मोजून शिव्या दिल्यागत.
माझ्या हक्काची झोप एक ते दोन,
ते जेवायला बसतात तेव्हा.
तेवढा तास बायको
कुकरच्या शिट्टीवर ओलं फडकं धरून उभी राहते.

गेलो एकदा विभागीय कार्यालयात.
हुपरीकर मॅडम चांगल्या आहेत, बसा म्हणाल्या.
"दिवसाचा आवाज आमच्यात बसत नाही ओ.
रात्र म्हणजे दहा ते सहा."
म्हटलं, "मॅडम, माझी रात्र पावणेआठला सुरू होते."
त्यांनी रजिस्टर उघडलं, रकाने बघितले,
खरंच बघितले, बोट फिरवून.
मग चहा सांगितला.

सोमवारी सुट्टी.
रात्रीचा घरात आडवा झालो तर झोप येईना.
गल्ली गाढ. चौगुलेअण्णांचं घोरणं
भिंतीतनं स्पष्ट, सुखाचं.
माझे कान मात्र जागे,
ड्युटीवर कुणी आलं नाही म्हणून
दारात थांबलेल्या वॉचमनसारखे.
साडेपाचला उठून गॅलरीत आलो.

समोर, भिंती नसलेल्या खोलीत, चूल पेटलेली.
इंडीकडची माणसं, तिथंच राहतात.
शिवलिंगव्वा भाकरी करत होती
पण थापत नव्हती.
पीठ दोन तळव्यांत धरून
नुसतं दाबत, फिरवत, दाबत.
भाकरी जाड होत होती, कडेला फाटत होती.
मल्लाप्पा खांबाला टेकून बसलेला,
हातोडा मांडीवर, मोबाईलचा उजेड तोंडावर.

हळूच विचारलं, "काय ओ, काम नाही?"
त्यानं खाली पाटीकडं बोट केलं.
"सहाला दहा कमी हाय."
"आणि भाकरीला कोण काय म्हणतंय?"
"मागल्या खेपेला पहाटे बादली पडली.
कुणीतरी फोन केला. दंड झाला मालकाला.
मालकानं आमच्या हजेरीतनं कापला."

फोन कुणी केला ते मला माहीत आहे.
मी काही बोललो नाही.

मग तोच म्हणाला, पोराकडं बघून,
"ह्याला दिवसा झोप लागती, मिक्सरजवळ.
रात्री दचकून उठतंय.
आवाज नसला की."

सहा वाजले.
त्यानं माझ्याकडं बघितलं.
मी कोण परवानगी देणार?
तरी मान हलली.
पहिला घाव ऐकत आत आलो,
दुसरा ऐकल्याचं आठवत नाही.

उठलो तेव्हा अकरा वाजलेले.
अण्णा येऊन गेले होते, नवा अर्ज ठेवून.
'सकाळी सहाऐवजी आठ करण्यात यावे.'
या वेळी सगळा वाचला, दोनदा.
खाली दहा सह्या, मग एक मोकळी जागा,
मग पुढच्या.

तो कपबशीखाली ठेवला आहे.
संध्याकाळी अण्णा विचारतील.