आवाजाला काय म्हणायचं

वॉल्नी बेटावर वारा आडवा येतो.
बॉनेट उघडलं की आधी तेच धरून ठेवायचं,
मग आतलं बघायचं.

सतरा वर्षांची यारिस, मी तिसरी मालकीण.
सिग्नलला उभी राहिली की हिव भरल्यासारखी थरथरते,
डॅशबोर्डवर पिवळं इंजिन लुकलुकतं.
गॅरेजवाला फोनवर म्हणाला, नुसतं बघायचे नव्वद पौंड.

कुंपणापलीकडून पोस्टलथ्वेट आले.
एकतीस वर्षं गोदीत पाणबुड्यांचे पंप जोडलेले;
आता हात कापतात, कान गेलेत.
कोटाच्या खिशात टॉर्च, काखेत लांब स्क्रूड्रायव्हर.
म्हणाले, केस बांध आधी. पट्ट्यापासून लांब राहा.
टोक इंजिनला टेकव, मूठ कानामागच्या हाडाला,
आणि ऐकू येईल ते मला सांग.

काय सांगू?
खडखड आहे, पण सुटी नाही, दबलेली.
तिच्याखाली शिवणयंत्राची टिकटिक,
आणि मधूनच एक फुस्स,
कुणी बोलता बोलता शब्द गिळावा तसं.
माझ्याकडे इतके आवाज,
आणि तोंडातून इंग्रजीत येतो एकच, नॉइज.
‘कसला नॉइज?’ त्यांनी कानामागे तळवा धरला.
शेवटी मी मराठीतच ओरडले, खडखड!
ते म्हणाले, खदखद.
नाही हो, खदखद म्हणजे उकळणं,
ते रेडिएटरचं दुखणं, वेगळं.
त्यांना ड सापडेना.
जीभ टाळूला लावून दोनदा बघितलं,
कवळी हलली, सोडून दिलं.

विट्याला आबांची पिठाची गिरणी होती.
मागच्या खोलीत जेवताना
घास हातात तसाच धरून म्हणायचे,
पट्टा सरकतोय, राळ लावा.
मला वाटायचं, आबांना भिंतीपलीकडचं दिसतं.
दिसत नव्हतं काही.
कान होता, आणि कानाशी हे शब्द होते:
चरचर, करकर, घुरघुर,
ज्याचा त्याचा इलाज वेगळा.

आता कॉइल. चार आहेत.
इंजिन चालू ठेव, एकेकीची पिन काढ.
पहिलीची काढली, इंजिन अडखळलं. परत लावली.
दुसरीची काढली, अडखळलं.
तिसरीची काढली.
काही नाही. तीच थरथर, तसूभर फरक नाही.
‘हीच,’ पोस्टलथ्वेट म्हणाले.
‘जिच्या जाण्यानं काही बदलत नाही
ती आधीच गेलेली असते.’
बोलून झाल्यावरही टॉर्च तिथेच धरून राहिले.
उजेड कापत होता.
त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, नळावर,
मॉरीनचे पिवळे रबरी हातमोजे
नोव्हेंबरपासून वाळताहेत.

मी म्हटलं, खात्री करूया.
इंजिन बंद केलं, तिसरी काढून पहिलीच्या जागी बसवली.
दोष तिच्याबरोबर सरकला, पहिल्यात जाऊन बसला.
म्हणजे प्लग शाबूत, कॉइलच मेली.
तेवढ्यात दहा नंबरचा पाना बोटांतून सुटला
आणि इंजिनच्या पोटात कुठेतरी
टण्ण करून नाहीसा झाला.
हे मात्र त्यांना ऐकू आलं.
कितीतरी दिवसांनी हसले, खोकला येईपर्यंत.

बुधवारी नवी कॉइल आली, बत्तीस पौंड.
भुरभुरत्या पावसात छत्री मानेत अडकवून बसवली.
पाना त्यांचा.
चावी फिरवली.
कुंपणावरून भुवया उंचावून त्यांनी विचारलं,
खदखद?
मी मान हलवली.
मग ते आले, बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिले,
गार लोखंड कोमट होईपर्यंत.
काय म्हणतात आता याला, तुमच्यात?
मी आठवून बघितलं. आबा तेव्हा काही बोलतच नसत,
जेवत राहायचे.

फक्त पुलाकडच्या वळणावर
आत कुठेतरी तो पाना अजून किणकिणतो.