चार एक्स

सेलूच्या स्टँडमागं मुनीरभाई
सीडी चार एक्सवर जाळायचे.
मशीन बावन्नचं होतं.
"दोन-तीन मिनटांत निघती की," मी म्हणायचो.
"निघती. वाजती का, ते इंगळेला विचार."

इंगळे जिंतूर रोडला जीप हाकायचा.
त्याच्या प्लेअरला घाईची सीडी बरोबर कळायची:
सातव्या गाण्यात, खड्डा नसतानाही,
सनई एकाच सुरावर उचक्या द्यायची,
मागची बाई म्हणायची, बंद करा ते.

चार एक्स म्हणजे अठरा-वीस मिनिटं.
आणि लाईट जायची अकराला.
कधी पावणेअकरालाच.

एकदा एक्क्याण्णव टक्क्यांवर गेली.
त्यांनी टाचणीनं ट्रे उघडला,
तबकडी दारातल्या उन्हात धरली.
जांभळ्या पाठीवर एक काठ:
इथवर गाणं,
पुढं बोटभर कोरं.
"जोरात जाळली असती तर झाली असती," मी.
ते काही बोलले नाहीत.
लाईट आली तीनला. नवी सीडी. चार एक्स.

वाया गेलेल्या इंगळेचा भाऊ न्यायचा,
हुरड्याच्या ज्वारीवर टांगायला.
वारा सुटला की त्या गरगर फिरायच्या,
बावन्नच्या वर असतील.
पाखरं उठायची,
चार वाफे सोडून
पुन्हा बसायची.