चेंबर नंबर सहा

पिंपळगावच्या प्रीकूलिंगला माझी रात्रपाळी.
दर दोन तासांनी प्रत्येक चेंबरमध्ये जायचं,
एका मण्यात सुई टोचायची,
आकडा वहीत उतरवायचा:
शून्य पॉइंट पाच, शून्य पॉइंट सात.
द्राक्षांना थंडी नीट वाजली
की ती रॉटरडॅमपर्यंत कुरकुरीत राहतात.

बाहेर निफाडकडून वारं.
गेटवरचा खैरनार शेकोटीत खोकं मोडून घालतो,
म्हणतो, आज पाचावर गेलंय.
त्याचा मेव्हणा शिकागोला. तोही काल म्हणाला, पाच.
पण तो पाच निराळा, त्यात नळ फुटतात.
आपल्या पाचाला तिकडे एक्केचाळीस म्हणतात,
हे खैरनारला काही केल्या पटत नाही.

पावणेदोनला नवऱ्याचा फोन.
एकशे दोन.
एवढंच. पुढे कुठलं माप ते नाही.
ताप सांगताना कोण सांगतं?
हवेला सेल्सिअस, अंगाला फॅरनहाइट,
ही वाटणी केली कुणी, कोण जाणे,
आपण निमूट पाळतो.

हातमोजा काढून वहीच्या पुठ्ठ्यावर
बत्तीस वजा केले. सत्तर उरले.
पाचाने गुणले, साडेतीनशे.
नवाने भागायला गेले तर भागेचना,
अडतीस, आणि पुढे आठ, आठ, आठ,
पेन्सिल थांबवली म्हणून थांबले.

अडतीस पॉइंट नऊ.
एवढ्यात तर एप्रिलमध्ये नाशिककर
रसवंतीसमोर गाड्या लावतात.
म्हणजे फार नाही, मी मलाच म्हटलं,
आणि क्षणभर खरंच हलकं वाटलं.
पण मैथिली तिकडे तेवढीच तापलेली,
माझ्या वजाबाकीने तिचं काही उतरलं नव्हतं.

पट्ट्या साध्या पाण्याच्या ठेव, बर्फ नको,
असं मी सांगत होते
बर्फासारख्या दारात उभी राहून.

उणे चाळीसला दोन्ही मापं एक होतात,
आयटीआयत सरांनी सांगितलं होतं.
तिथे भांडण नाही.
तिथे द्राक्ष नाही, पोरही नाही.

चारला पुन्हा फोन.
शंभर. घाम फुटलाय. झोपलीय.

सकाळी देवरे साहेब वही चाळताना अडले.
"सहा नंबर बंद आहे ना, बाई?
कॉम्प्रेसर उघडून ठेवलाय आठवडाभर.
मग तिथे दोनला अडतीस पॉइंट नऊ,
चारला सदतीस पॉइंट आठ?"

वाकून पाहिलं. अक्षर माझंच.
म्हटलं, उतरतंय, साहेब.