डाग

कलिन्याच्या प्रयोगशाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
मी बिनसुईची सिरिंज मिरचीच्या पानाला पाठीमागून टेकवते
आणि बोटाच्या दाबाने आत सोडते
थेंबभर गढूळ जंतू.
पान तेवढ्यापुरतं काळपट, ओलं होतं. मग पुन्हा साधं.
वहीत लिहिते: चार वाजून दहा. रोप अकरा.

पानाला रक्त नाही.
हाक मारली तर धावून येईल असं कुणी नाही.
जिच्या दाराशी चोर, त्याच पेशीने जागं व्हायचं.

आत एक प्रथिन असतं, अंग मुडपून बसलेलं.
ते चोराकडे बघतसुद्धा नाही.
चोर सोंगं बदलतो, त्याच्या मागे किती धावणार?
ते नुसतं कडीवर हात ठेवून असतं
अंधारात.
कडी हलली, कुणी ती कुरतडली,
की अंग सोडतं,
आपल्यासारखी आणखी चार जमवतं,
पाचांचं कडं करतं
आणि स्वतःच्याच घराला भोक पाडतं.
कॅल्शियम आत लोटतं.
पेशी मरते. आजूबाजूच्या दहा-वीस मरतात.
जंतूला पुढे जेवायला काही उरत नाही.

हे मी पुस्तकात वाचलं होतं.
बी आणायला गोराईला गेले, तरीने पलीकडे,
तेव्हा इनास तुस्कानोंच्या वाडीत
मी आपसूक नितळ पानांपाशी वाकले.
ते पाटाचं पाणी अडवत होते, पायानेच.
"ती नको. ती आठवडाभरात जातील, मुळासकट."
मग बांधावरचं एक झाड दाखवलं,
पानभर तपकिरी ठिपके, बुंध्याला लाल चिंधी.
"हिला कळलं. हिचंच बी धरतो मी."
कसं ओळखलंत विचारलं तर म्हणाले,
"मी कुठे ओळखलं? तिनं."

आज तिसरा दिवस.
एकाच आईची बी, तरी काहींना येतं, काहींना नाही.
सातला डाग. नऊला डाग, तांदळाच्या कणीएवढा,
कडा इतकी रेखीव की बोट ठेवावंसं वाटतं.
फोटो काढला, खाली पट्टी ठेवून.

अकराचं पान हिरवंगार.
खिडकीपाशी उभं, पुलाच्या दिशेने,
इतकं तजेलदार की नव्या मुलीने विचारलं,
हे सगळ्यात चांगलं ना?

मी उत्तर दिलं नाही.
त्याच्या कुंडीत पाणी घातलं,
इतरांइतकंच.