दोन मिलिमीटर

फॉर्मवर सतरावा प्रश्न असतो:
डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का?
हिरामण गव्हाणे हसले.
"बाई, चौतीस वर्षं लेथवर, भोसरीत.
काय गेलं नाही ते विचारा."
मग एरंडवण्याच्या या तळघरात
चुंबकाआधी त्यांच्या डोळ्यांचा एक्स-रे.
डोळे स्वच्छ निघाले.
गाठ उजव्या फुप्फुसात, तळाशी,
श्वासपटलाला खेटून, जिथं हिसका जास्त.

स्क्रीनवर ती खाली येते, वर जाते,
सेकंदाला पाच चित्रं, करडी, ओलसर,
वाफ धरलेल्या काचेतून बघावं तशी.
तिच्याभोवती हिरवी रेघ
आखडते, फुगते, तिच्यामागे धावते.
लाल चौकट मात्र जागची हलत नाही.
हिरवी लालच्या आत, तोवर किरण.
बाहेर गेली की बंद.
एवढंच.

हिरवी रेघ मशीन ओढतं.
मशीनला ती मी शिकवली:
तीन हिवाळे माऊस धरून
एक्केचाळीस माणसांचे श्वास
एकेक चित्र थांबवून गिरवत बसले,
मनगटाला पट्टा, शेजारी साय धरलेला चहा.
खालच्या कडेला माझा हात जरा सैल सुटायचा,
काही राहून जाईल या भीतीनं.
अजूनही रेघ तिथंच सैल सुटते.
इतरांच्या लक्षात येत नाही. मला दिसतं,
मुलीच्या अक्षरात आपलं वळण दिसावं तसं.

एक्केचाळीसांपैकी आता किती आहेत, मी विचारत नाही.
फायलींना नावं नाहीत, आकडे आहेत.
एकोणीस नंबर श्वास सोडताना
मध्येच एक पायरी चुकल्यासारखा थबकायचा.
गव्हाणे तसेच थबकतात
तेव्हा रेघ गोंधळत नाही.
तिला ती पायरी ठाऊक आहे.

चौथ्या दिवशी खोकला आला.
रेघ सुटली,
यकृताच्या कडेला जाऊन चिकटली क्षणभर.
किरण आपोआप थांबला,
माझं बोटही बटणावर गेलंच होतं.
आधी कोण पोचलं ते लॉगमध्ये आहे.
मी उघडून पाहिलं नाही.

माईकमधून आवाज:
"जॉब हलला वाटतं."
"हलला. पाणी देऊ?"
"नको. फरक किती चालतो तुमच्याकडं?"
"दोन मिलिमीटर."
"दोन?
एवढ्यात आमचा शाफ्ट भंगारात गेला असता."
मी म्हटलं, तुमचा शाफ्ट श्वास घेत नव्हता.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग स्क्रीनवर श्वास लांब झाला, सावकाश झाला,
चकात जॉब धरून, डायल लावून
कुणी काट्यावर नजर ठेवून उभं असावं तसा.
त्यानंतर चौकट क्वचितच ओलांडली.

शेवटच्या दिवशी कपडे बदलून आले,
पिशवीतून पितळी भोवरा काढला.
"आत नेला नव्हता हां, लॉकरमध्येच होता."
कन्सोलवर, कीबोर्डच्या कडेला फिरवला.
उभा राहिला तो, खिळ्यासारखा.
फिरतोय हे कळत होतं
फक्त बारीक घूं अशा आवाजावरून.

तीन महिन्यांनी स्कॅन आहे, मी म्हटलं.
"श्श," ते म्हणाले,
आणखी वाकले,
"डुलायला कधी लागतो ते बघू द्या."