इतर काही सांगायचं असल्यास

हॉलतिकीट पाहिजे तर आधी फॉर्म,
म्हणाले लॅबचे खोत, आणि पंखा बारीक केला.
चोवीस प्रश्न. एक ते पाच.
नाव कुणाचं दिसणार नाही.

सुयोग मगदूमनं सगळीकडं पाच ठोकले
दीड मिनिटात, आणि चहाला गेला.
झाकियानं विचारलं, 'वक्तशीरपणा' म्हणजे
त्यांचा का आपला?
सांगावकर सरांना सगळ्यांचे पाच :
स्लाइडला रंग, दहा मिनिटाला एक जोक,
इंटर्नलला हात सढळ.

शेटे मॅडम कॉस्टिंगच्या. तासिका तत्त्वावर.
लेथची, बेकरीची, दवाखान्यातल्या खाटेची
कॉस्ट काढली आम्ही त्यांच्याकडं.
त्यांच्या तासाची तेवढी राहिली.

शेजारच्या स्क्रीनवर शुभदा लिहीत होती :
लेक्चर म्हणजे नुसतं गुऱ्हाळ.
हसलो मी. मग ते हसू घशात बसलं.

निगव्याला आमचं गुऱ्हाळ आहे.
बाबू गुळव्या काहिलीपुढं उभा,
मळी काढतो, परत काढतो,
गार पाण्यात थेंब सोडून
बोटानं गोळी बघतो.
आत्ता, म्हणतो. त्याआधी नाही.
यार्डात मात्र ढेप फोडली की बघतात रंग.
पिवळाधमक असेल त्याला दर.
रंगासाठी काय घालतात
ते सगळ्या यार्डाला ठाऊक.

डिसेंबरात मॅडमनी मला थांबवून घेतलं,
सव्वापाचला, शिपाई दारात कुलूप वाजवत.
तुझ्याच गुळाचं काढू, म्हणाल्या.
ऊस, जळण, मजुरी, बाबूचा रोज.
ढेपेमागं आम्ही अकरा रुपये
खिशातनं घालत होतो.
हे आबांना सांगायला मला तीन आठवडे लागले.

शेवटच्या चौकटीत लिहिलं : गूळ.
पुसलं. वर्गात गुऱ्हाळवाला मी एकटाच,
लगेच सापडणार.
लिहिलं : चांगलं शिकवतात.
पुसलं. हे सांगावकर सरांनाही लिहिलं होतं.
खोत म्हणाले, पाचला लिंक बंद.

स्पष्टतेला चार दिले, कुणास ठाऊक का,
आणि चौकटीत टाकलं :
गोळी बरोबर ओळखतात.

प्राचार्य औषधाची समजतील.
मॅडमना कळेल.
पण त्यांना वाचायला देतात का हे,
तेवढं खोतांना विचारायचं राहिलं.