तपकिरी

अण्णांना मी कठड्याला धरून धरून
सागरमाळावरच्या प्रयोगशाळेत आणलं,
तेव्हा त्यांनी आधी चपला काढल्या,
मग दिवा का नाही म्हणून विचारलं.

लक्ष्मीपुरीत त्यांचं मशीन होतं, एकाच रंगाचं.
गुळाच्या पेढ्यांची लेबलं.
तोच कागद चार वेळा जायचा,
पिवळा, मग गुलाबी, मग आकाशी, शेवटी काळा,
मध्ये एकेक रात्र वाळायला.
कोपऱ्यातल्या फुल्या एकमेकींवर बरोब्बर बसल्या
की अण्णा भिंग खिशात टाकायचे
आणि चहा सांगायचे.

माझ्याकडे कागद नाही.
नखाएवढी चिप, तिच्यावर वीस लाख घरं,
आणि प्रत्येक घराला सांगायचं ते एवढंच:
तू किती उशीर कर.
प्रकाश तिथं जरासा थबकतो,
कुठं पाव लाट, कुठं अर्धी,
आणि पुढं हातभर अंतरावर हवेत
त्या सगळ्या उशिरांची गाठ पडते.
ती वस्तू. नसलेली,
पण मान तिरकी केली तर तिची कूस दिसते.

लाल, हिरवा, निळा.
लाल उधळा, त्याची लाट लांब, तो जास्त पसरतो.
निळा अंग चोरून.
म्हणून लालचं चित्र आधीच आवळून मोजायचं,
निळ्याचं सैल सोडायचं.
यास्मिन शिकलगारचा आणि माझा अख्खा उन्हाळा यात गेला,
धूळ उडते म्हणून पंखा बंद.
संगणक अंदाज करतो, पुढं जातो, चुकलं म्हणतो,
मागं येतो. दोनशे वेळा.
नवशिक्या मशीनमनसारखा.

त्या दिवशी हवेत गुळाचा रवा होता.
अण्णांनी मान डावीकडं नेली, उजवीकडं नेली.
भिंग काढलं, पण ते टेकवायला काही नव्हतं.
"निळा केसभर खाली हाय."
यास्मिननं माझ्याकडं बघितलं.
होता.

"कणी मात्र झकास धरलीया."
ती कणी आम्हाला नको होती,
लेसरचा दाणेदार गोंगाट तो,
पुसायला चोवीस चित्रं भराभर फिरवत होतो.
मी काही बोललो नाही.
इथल्या पोरी असंच म्हणतात, बोललो, गेलो;
तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या बाईंना ते खटकलं होतं.

मग बराच वेळ गप्प.
मग, "पण गूळ न्हाई ह्यो. संत्रं हाय."

शाईत रंग घालत जावं तसा अंधार येतो,
प्रकाशात घालत जावं तसा उजेड.
आणि तपकिरी नावाची लाटच नाही.
नारिंगी मंद केला,
काळोखात तो मंद नारिंगीच राहिला.
हिरवा कमी केला: वीट.
निळा चिमूटभर: मेण.
हे सगळं मी समजावत होतो,
अंधारात, हातवारे करून.

"आमच्या लेबलावर रव्याखाली फडकं असायचं," अण्णा म्हणाले,
"पांढरं. तेवढी जागा कोरी सोडायचो,
शाईच लागायची न्हाई.
फडक्याबिगर रवा निघतोय व्हय बादलीतनं?"

फडकं मोजण्यात रात्र गेली.
पांढऱ्याला तिन्ही रंग भरभरून लागतात;
त्यांना जे फुकट होतं
ते मला सगळ्यात महाग.
वीण, घडी, रसानं ओली झालेली कड.

सकाळी सहाला यास्मिननं बटण दाबलं.
रव्याच्या एकाही आकड्याला आम्ही हात लावला नव्हता.
तपकिरी होता.
काहिलीतून आत्ताच उतरल्यासारखा,
इतका, की यास्मिननं नाकानं श्वास ओढला.

अण्णा खुर्चीत झोपले होते, भिंग मुठीत.
उठवलं.
त्यांनी मान डावीकडं नेली, उजवीकडं नेली.
"आता गूळ हाय," म्हणाले.
जरा थांबून, "निळा अजून तिथंच हाय."

चहाचं नाव काढलं नाही.